कोणी पाहिलं?

निबंधात खोटं बोलला म्हणून एखाद्या पोराला मास्तरांनी उभं केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. वही घरी विसरलो असं खोटं सांगितलं तर आम्ही पालकांना बोलावतो. निबंधातल्या खोट्याला मात्र गुण देतो. अमरावती जिल्ह्याची वेस न ओलांडलेली मुलगी लिहिते, 'समुद्रकिनारी मावळता सूर्य पाहून माझ्या डोळ्यांचे पारणे फिटले.' तिने समुद्र पाहिलेला नाही हे तिला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, शेजारी बसून तेच वाक्य उतरवणाऱ्या मैत्रिणीलाही ठाऊक आहे. पण 'पारणे'तला ण जागेवर असतो, अक्षर वळणदार असतं, समासही सोडलेला असतो. आठपैकी सहा.

मोर्शी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी मराठी शिकवते. नववी-दहावी. गावाभोवती संत्र्याचे बगीचे, उरलेल्या वावरात पऱ्हाटी आणि तूर. शाळा उघडली की मी माझं टुमणं लावते: नेमका शब्द शोधा. आणि शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, पोरांना चार सुविचार आणि पाचपन्नास आलंकारिक शब्द पाठ करून द्या. तपासणारा खूश होतो." बोलणाऱ्याचं काही चूक नाही. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो, पाठीला रग लागलेली असते, आणि ओळखीचं वाक्य दिसलं की पेन आपोआप बरोबरची खूण करतं. माझ्या पद्धतीने लिहिणाऱ्यांचे गुण कधी कधी कमी पडतात, हेही खरं.

पण मला हा प्रश्न गुणांचा वाटत नाही, आणि सुंदर लिहिण्याचाही वाटत नाही. मला तो पहिल्यापासून धर्माचा वाटत आलाय. आपण जे बोललो त्याला आपण बांधील आहोत की नाही, एवढ्याच अर्थाने धर्म. तसं वाटायला कारण आमचं घर. आम्ही महानुभाव. रिद्धपूर आमच्याच तालुक्यात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ झाल्यापासून बाहेरच्यांनाही नाव माहीत झालंय, आमच्या घरात मात्र ते रोजच्या बोलण्यातलं. आजीची नजर कमी झाल्यावर ती माझ्याकडून लीळाचरित्र वाचून घ्यायची. लीळा वाचून झाली की दंडवत घालायची आणि मग तिचा ठरलेला प्रश्न यायचा, "हे कोनं पाह्यलं व बाई?"

हा प्रश्न तिच्या पदरचा नव्हता, पोथीतच होता. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभटांनी इ.स. १२७८च्या सुमारास रिद्धपूरला त्यांच्या आठवणी गोळा करायला घेतल्या. स्वतः पंडित माणूस. मनात आणलं असतं तर बसल्या जागी संस्कृतात स्तोत्र रचून मोकळे झाले असते, आणि ते सुंदरही झालं असतं. त्यांनी काय केलं, तर ज्याच्या समोर जे घडलं त्याला गाठून विचारलं. गोसावी, म्हणजे चक्रधरस्वामी, कुठे बसले होते, बरोबर कोण होतं, जेवायला काय होतं, कुणी काय म्हटलं आणि त्यावर गोसावी काय म्हणाले. मूळ प्रत पुढे धामधुमीत हरवली आणि शिष्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, तेव्हा आठवणींमध्ये फरक पडले. ते फरक नंतरच्यांनी पुसून टाकले नाहीत. हिराइसेचा पाठ असा, रामेश्वरबासांचा असा, असं नाव घालून दोन्ही ठेवले. देवाबद्दल लिहितानाही 'मला असं आठवतं, तिला तसं आठवतं' एवढी कबुली देणारी ही माणसं. आजी पाठभेद वाचायला लावायची आणि दोन्हींना सारखाच दंडवत घालायची.

(याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये बंद करून ठेवले, हे मला अजून पचलेलं नाही. पंथातले केसोबास संस्कृतात रचना करायला लागले तेव्हा आचार्य भटोबासांनी त्यांना अडवलं होतं. माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, असा त्यांचा हिशेब होता. म्हाताऱ्यांसाठी मराठी राखली, आणि नंतर त्या मराठीलाच कुलूप घातलं. भीतीची कारणं मला कळतात. तरीही.)

न्यायदर्शन मी बीएला असताना परीक्षेपुरतं वाचलं. त्यातली एक गोष्ट मात्र परीक्षेनंतरही सुटली नाही. नैयायिक शब्दाला प्रमाण मानतात, पण कुणाच्याही नव्हे, आप्ताच्या शब्दाला. आप्त कोण, हे वात्स्यायनांनी भाष्यात सांगितलंय: ज्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली आहे, आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. पुढे ते म्हणतात की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. त्या काळात हे लिहिणं साधं नव्हतं. कुळ, जात, पदवी, वय, सगळं बाजूला सारलं. पाहिलंस का? आणि पाहिलं तसं सांगतोस का? संपलं.

आता हे लक्षण नववीच्या वर्गात आणून ठेवा. इथे गंमत सुरू होते.

मागच्या बाकावरच्या एका पोराने 'माझे बाबा' या विषयावर लिहिलं होतं: 'माझे बाबा शेतकरी आहेत. शेतकरी हा जगाचा पोशिंदा आहे. ते रात्रंदिवस काबाडकष्ट करतात. त्यांच्या घामातून मोती पिकतात.' मी त्याला म्हटलं, घामातून मोती पिकताना तू पाहिलेस? वर्ग हसला, तोही हसला. मग विचारलं, काल संध्याकाळी बाबा काय करत होते?

"डोमकळ्या तोडत होते जी."

मला शब्द माहीत नव्हता. माझं माहेर गावातलं, पण घरी शेती नाही, वडील पोस्टात. डोमकळी म्हणजे काय रे? आता वर्ग माझ्यावर हसायला मोकळा होता. "तुमाले डोमकळी नाही माहीत?" मग सगळे एकदम बोलायला लागले. पऱ्हाटीच्या फुलात गुलाबी बोंडअळी शिरते. पाकळ्या आतून जाळ्याने बांधून घेते. फूल उमलत नाही, मिटलेल्या गुलाबकळीसारखं दिसतं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय छान कळी आहे.

"हे लिही," म्हटलं.

त्याने लिहून आणलं ते पाऊण पानाचं होतं. बाबा ओळीओळीने जातात. डोमकळी दिसली की खुडतात आणि सदऱ्याच्या खिशात टाकतात. खाली टाकली तर अळी मातीत जाते. खिसा भरला की बांधावर येऊन खिसा उलटा करतात. सगळ्या कळ्या एका ठिकाणी जाळतात. एक कळी त्यांनी नखाने उकलून पोराला दाखवली. आतली अळी अजून पांढरीच होती. "गुलाबी नंतर होते," बाबा म्हणाले. पुढचं वाक्य असं होतं: 'बाबांच्या खिशाला पिवळे डाग पडले आहेत, आई म्हणते ते निघत नाहीत.'

या पाऊण पानात काबाडकष्ट हा शब्द कुठेही नाही. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. पण या विषयात तो आप्त आहे आणि मी नाही, हे वर्गासमोर उघड झालं होतं. २०१७ साली विदर्भात बोंडअळीने कहर केला तेव्हा मी वर्तमानपत्रातले सगळे अग्रलेख वाचले होते. खिशाचं मला कुणी सांगितलं नव्हतं.

'पोशिंदा' हा शब्द खोटा आहे का? अर्थाने नाही. शेतकरी पोसतोच. पण ते वाक्य लिहायला त्या पोराची गरज नव्हती. कुणीही, कुठेही बसून, कुणाच्याही बापाबद्दल ते लिहू शकतं. तयार शब्दावर माझा आक्षेप एवढाच आहे: तो न गेलेल्या ठिकाणची साक्ष देतो. कोर्टात याला काय म्हणतात हे पोरांना चांगलं ठाऊक असतं. धुऱ्याच्या वादाच्या तारखा करणारी माणसं त्यांच्या घरात आहेत.

इथपर्यंत सोपं आहे. यापुढे घोडं पेंड खातं.

नेमका शब्द मिळाला म्हणजे सत्य हाती आलं, असं म्हणावं तर आजीच्याच पोथ्यांमधला हत्ती आडवा येतो. आंधळे हत्ती चाचपतात तो दृष्टांत. कान हाताला लागलेला म्हणतो, हत्ती सुपासारखा. पाय धरलेला म्हणतो, खांबासारखा. आम्ही शिकवतो की ते आंधळे चुकले. मी मात्र लेखनाची शिक्षिका म्हणून त्यांच्याकडे पाहते आणि मला वाटतं, ही मंडळी माझ्या वर्गात असती तर मी खूश झाले असते. हत्तीच्या कानाला सूप! यापेक्षा नेमकं काय सांगणार? त्याने स्वतः हात लावला, हाताला लागलं तेच सांगितलं, 'विशालकाय' असलं काही म्हणाला नाही. त्याचा शब्द चोख आहे. चूक 'सूप' म्हणण्यात नाही, 'हत्ती' म्हणण्यात आहे. 'माझ्या हाताला लागलं ते सुपासारखं होतं' एवढंच म्हणाला असता तर वात्स्यायनांनी त्याला आप्तांच्या रांगेत बसवलं असतं.

म्हणून मी पोरांना वाक्याचा कर्ता सांभाळायला सांगते. विशेषणापेक्षा मला त्याची जास्त काळजी. 'गावकरी संतापले.' सगळे? तुझे आजोबा पण? मग एका मुलीने लिहिलं, 'पाण्याचा टँकर पुन्हा आला नाही तेव्हा समोरच्या काकूंनी रिकामी गुंडी रस्त्यावर आपटली. बाकीच्या बायका गुंड्या रांगेत ठेवून घरी गेल्या.' ही दोन वाक्यं 'गावकरी संतापले'च्या विरोधात जातात, कारण गावकरी त्या दिवशी संतापलेच नव्हते, दमले होते. नेमकेपणा शोधायला गेलं की पुष्कळदा आपलं मत बदलतं. शब्द चांगला मिळाला म्हणून नव्हे, नीट बघावं लागलं म्हणून.

तरीही एक भोक उरतंच, आणि ते बुजवायला मला हत्ती पुरत नाही. त्यासाठी दुसरा हत्ती लागतो, कुरुक्षेत्रावरचा. युधिष्ठिराने द्रोणांना सांगितलं त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखर मेला होता, भीमाने मारला होता. 'हत्ती' हा शब्दही तो बोलला, फक्त ऐकू जाणार नाही असा बोलला. आणि तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. आपल्या भाषेत तेव्हापासून 'नरो वा कुंजरो वा' करणारी माणसं कमी नाहीत, आणि त्यातली बरीचशी अतिशय नेमकं बोलतात. नुकसानीचा पंचनामा पाहा. 'समक्ष पाहणी केली', 'पंचांच्या उपस्थितीत', गट क्रमांक, क्षेत्र, टक्के, सगळं काटेकोर. मदत मिळायला नुकसान किमान ३३ टक्के लागतं, त्यामुळे ३२ आणि ३४ यांच्यामध्ये एका घराचं वर्ष असतं. आणि वावरात पाऊल न टाकता, पारावर बसून लिहिलेला पंचनामा आमच्या पोरांनी पाहिलेला आहे. आकडा नेमका, तारीख नेमकी, पाहणी झालेलीच नाही. दिसायला हे घामातल्या मोत्यांच्या अगदी उलट; आतून तीच जात.

म्हणजे नेमकेपणा हा सत्याचा पुरावा नव्हे. वात्स्यायनांच्या लक्षणाचा दुसरा अर्धा भाग इथे कामाला येतो: जसं जाणलं तसं सांगायची इच्छा. पहिला अर्धा मी शिकवू शकते. वावरात पाठवते, बघायला लावते, शब्द विचारते. दुसरा शिकवता येतो का? मला शंका आहे. फार तर वर्गात अशी हवा ठेवता येते की खरं लिहिणाऱ्याचं हसं होऊ नये.

आणि हसं होण्याहून वाईटही गोष्टी असतात. आमच्याकडे वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्या घरातला कर्ता माणूस एका सकाळी वावरात पडलेला सापडला. ती मुलं लिहितात, 'आमच्या घरी दुःखद घटना घडली.' माझ्या सगळ्या नियमांप्रमाणे हे वाक्य पोकळ आहे. कुणाच्याही घरचं असू शकतं. पण या वाक्याखाली मी लाल रेघ मारत नाही, 'स्पष्ट लिही' असं समासात लिहीत नाही, आणि नवीन शिक्षकांनाही तसं बजावून ठेवते.

एका तरुण सहकाऱ्याने यावर मला कोंडीत पकडायचा प्रयत्न केला होता. "मॅडम, इथे तुमचा सत्यधर्म कुठे गेला?" प्रश्न रास्त होता. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, त्यात सत्याच्या जोडीला प्रिय आणि हितकर असणं आहे, आणि समोरच्याला पोळणार नाही असं असणंही. जैन साधूंच्या पाच समितींपैकी एक भाषासमिती. चालताना किडामुंगी पायाखाली येऊ नये म्हणून पाहावं तसंच बोलतानाही पाहावं, असा तिचा रोख. पण ही वचनं मी त्याच्या तोंडावर फेकली नाहीत, कारण त्यांचा आडोसा करून माणसं पुष्कळ सोयीचं खोटं बोलतात. 'त्याला वाईट वाटेल म्हणून' असं म्हणत आपण बहुधा स्वतःची अडचण टाळत असतो. मी त्याला एवढंच म्हटलं की ते वाक्य साक्ष नाही, दार आहे, आणि ते त्याने लावून घेतलंय. घामातल्या मोत्यांचं वाक्य लिहिणारा पोरगा काहीच न पाहता पाहिल्याचं सांगत होता. या पोराने सगळं पाहिलंय आणि तो सांगत नाहीये. वरवर दोघांचेही शब्द तेवढेच गुळगुळीत. पण एक बोलतोय आणि एक गप्प बसलाय; गप्प बसलेल्याला शाळेत दोन ओळी तरी लिहाव्या लागतात म्हणून त्याने त्या लिहिल्या. मौनाची दुरुस्ती करायचा अधिकार मला कुणी दिलेला नाही. कधीतरी, कदाचित शाळा सुटून वीस वर्षांनी, तो ते दार उघडेल तेव्हा शब्द त्याच्याकडे असावेत, एवढी तजवीज मी करून ठेवायची. ती डोमकळीवर सराव करून होते.

सहकाऱ्याचं समाधान झालं नाही. तो म्हणाला, कुठलं वाक्य मौन आहे आणि कुठलं आळस, हे तुम्ही बाहेरून ठरवणार कसं? खरं आहे. नेहमी ठरवता येत नाही. शंका आली तर मी रेघ मारत नाही.

आमच्या शेजारी एक वारकरी काका राहतात, अमृतानुभवाचे मोठे व्यासंगी. माझं हे शब्दपुराण ऐकून ते गालात हसतात. त्यांचं म्हणणं, ज्ञानदेवांनी अख्खं सहावं प्रकरण शब्दाच्या खंडनाला दिलंय; जिथे पोचायचं तिथे शब्द पोचतच नाही, मग पोरांना एवढं कशाला पिळतेस? मी म्हणते, काका, त्याच प्रकरणाच्या सुरुवातीला शब्दाचे उपकारही मानलेत, आणि खंडन करणारा माणूस त्याआधी ज्ञानेश्वरी सांगून बसलाय. शब्दांपलीकडे जायचा परवाना त्याने रीतसर मिळवला होता. आमची पोरं अजून शब्दापर्यंतच आलेली नाहीत, पलीकडे कुठली जातात? यावर काका म्हणतात, "तू महानुभाव ती महानुभावच." आणि आम्ही चहा घेतो.

आता उरली माझी या वर्षीची अडचण. दहावीच्या कृतिपत्रिकेत आत्मकथन असतं. मी फळा बोलतोय, मी फाटकं पुस्तक बोलतोय, मी पडका वाडा बोलतोय. डोमकळीवाला पोरगा आता दहावीत आलाय आणि त्याने हात वर केला. "मॅडम, फळा कोणी पाह्यला जी बोलताना?" माझाच प्रश्न माझ्याच गळ्यात. मी सांगितलं, फळा बोलत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे यात कुणी फसत नाही. पण फळ्याचं जे काही सांगशील ते फळ्यापाशी उभा राहून पाहिलेलं असू दे. खालच्या कोपऱ्यात खडू उमटत नाही तो तेलकट पट्टा कशाचा? मागच्या वर्षीची तारीख अजून कुठे दिसते? ते सांग, मग बोलू दे त्याला खुशाल.

हे त्याला पटलं की नाही, कळलं नाही. मी म्हटलं, बरं, फळा राहू दे. 'मी पऱ्हाटी बोलतेय' लिही.

तो थोडा वेळ पेन चावत बसला. मग म्हणाला, "बीटी का देसी, मॅडम? दोघींचं बोलणं येगळं राहीन."